डबीतली महाराणी

खारूताईचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच सुखानं नांदत होतं. घरी ते कुणी वापरत नसे. हाती काही चांगलं लागलं की आधी ते लपवायचं, मग जपायचं आणि शेवटी कुठं ठेवलं ते विसरायचं, अशी या मुलीची रीत. क्रीमचं बिस्किट शेवटी खाऊ म्हणून ती बाजूला ठेवी, आणि मुंग्या ते आधी खात. तिच्या कप्प्यात वासाची खोडरबरं कोरी करकरीत पडलेली असत, आणि खोडायला मात्र झिजून वाटाण्याएवढा झालेला तुकडा. मामानं एकदा तो कप्पा उघडून पाहिला, जोरात शिंकला, आणि त्या दिवसापासून ती खारूताई झाली.

हा गुण काही आकाशातून पडला नव्हता. तिच्या आईच्या काचेच्या कपाटात निळ्या काठाचे पातळ कप होते. ते पाहुण्यांसाठी. पाहुणे येत, साध्या कपातून चहा पिऊन जात. निळ्या काठाच्या कपातून चहा प्यावा एवढ्या योग्यतेचा पाहुणा त्या घराची पायरी अजून चढायचा होता.

आई दातांची डॉक्टर. रस्त्याच्या बाजूला तिचा दवाखाना, मागे घर, आणि वरच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा. मामा गावातल्या मोठ्या वाद्यवृंदात ओबो वाजवायचा. ओबो दिसायला क्लॅरिनेटच्या घरातलाच: हातभर लांबीची काळ्या लाकडाची नळी आणि अंगावर चकचकीत चाव्या. फरक तोंडाशी. क्लॅरिनेटला चोचीसारखं तोंड असतं आणि त्या चोचीला एकच रीड, म्हणजे थरथरणारी पातळ पट्टी, बांधलेली असते. ओबोला चोच वगैरे काही नाही. नळीच्या टोकातून दोन पातळ पट्ट्या बाहेर डोकावतात, एकमेकींना अगदी खेटून, जणू कुणाची तरी कागाळी चाललीय. ती जोडी म्हणजे ओबोची रीड.

खारूताई ओबो शिकत होती ती मामानं हातानं करून दिलेल्या रीडवर. यंदा मात्र मुलांच्या वाद्यवृंदाच्या बाईंनी, ज्यांच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असे, तिला पुढं बोलावलं.

"या वेळच्या कार्यक्रमात सुरुवातीचा सूर तू द्यायचास," बाई म्हणाल्या. "तुझ्या सुरावर सगळे आपापली वाद्यं लावणार. आणि मधली एकटीची धूनही तुझी."

खारूताईचे कान गरम झाले.

"पण ओबोचं काही खरं नसतं," बाई पुढं म्हणाल्या. "कार्यक्रमाच्या दिवशी तुझा आवाज ठीक नसेल, तर धून फ्लूटवर होईल. यानं ती बसवून ठेवली आहे."

'यानं' म्हणजे फ्लूट वाजवणारा मुलगा. त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला. "तू काळजी करू नकोस," तो म्हणाला. "आमच्या फ्लूटला रीडच नसते. भिजवायचं नाही, वाळवायचं नाही. नुसतं फुंकायचं."

"म्हणून तर तुमचा आवाज नुसता फुंकल्यासारखा येतो," खारूताई म्हणाली. पण ती घरी आली ती तोंड एवढंसं करून.

मामानं सगळं ऐकून घेतलं आणि दाढी खाजवली. "बरं. मग यंदा रीड तुझी तू करायची."

"आणि ती बिघडली तर? तुझी देशील ना?"

"मुळीच नाही. दुसऱ्याच्या रीडवर वाजवणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून वाचणं. अक्षरं दिसतात, डोकं दुखतं."

मामाची कामाची खोली खिडकीपाशी सुरू होऊन खिडकीपाशीच संपे, इतकी लहान. टेबलावर पाण्याचा पेला, रंगीत दोऱ्याची रिळं, चाकू, कानशी, आणि आईनं दवाखान्यातून मोडीत काढलेला दात तपासायचा दिवा. त्या दिव्यासमोर रीड धरली की आरपार दिसे. कपाटाच्या डोक्यावर खोकल्याच्या गोळ्यांची एक जुनी पत्र्याची डबी होती. तिला मामा कुणालाच हात लावू देत नसे.

"त्यात काय आहे?" खारूताईनं विचारलं.

"आयुष्यात केलेली सगळ्यात चांगली रीड. खास दिवसासाठी ठेवलीय. तू इकडं लक्ष दे. सूर कुठून येतो?"

"ओबोतून."

"ओबो समोर पडलाय. वाजतोय का?"

"फुंकल्यावर येतो."

"फुंक मग." मामानं रीड काढून घेतली आणि नुसती नळी तिच्या हाती दिली. खारूताईनं गाल फुगवून फुंकलं. फुस्स.

"उन्हाळ्यात पंखा म्हणून चालेल," मामा म्हणाला. "चल खाली."

दवाखान्याच्या मागच्या अंगणात फरशीच्या फटीतून गवत उगवलं होतं. मामानं एक रुंद पातं तोडलं, तिचे दोन्ही अंगठे जुळवले, मधल्या फटीत पातं ताणून बसवलं आणि म्हणाला, "आता फुंक."

जो आवाज निघाला तो ऐकून आत खुर्चीत बसलेला माणूस आईनं त्याच्या दाताला हात लावायच्या आधीच ओरडला. खिडकी उघडली. आईचा मास्क लावलेला चेहरा बाहेर आला आणि नुसते डोळे बोलले. मामानं आभाळाकडं पाहिलं.

"ऐकलंस?" खिडकी बंद झाल्यावर तो हळूच म्हणाला. "पातं थरथरलं म्हणून आवाज झाला. ओबोतही तेच. दोन पट्ट्या थरथरतात, उघडतात, मिटतात, आणि तेही इतकं भराभर की डोळ्याला दिसत नाही. त्यातून जो आवाज निघतो तो मूळचा रानटी. त्याला वळण लावायचं काम नळीचं."

"म्हणजे रीड म्हणजे मी आणि ओबो म्हणजे आई?"

"हे तिच्यासमोर बोलू नकोस."

वर आल्यावर मामानं पिवळसर पोकळ दांड्यांची एक जुडी काढली.

"बांबू?"

"बांबूचा लांबचा नातेवाईक. पाणथळ जागी वाढणारं उंच गवत. म्हणजे तुझ्या अंगठ्यांमधलं पातंच, फक्त घरच्यांनी मोठं करून, नीट उन्हात वाळवून पाठवलेलं."

मग काम सुरू झालं. दांडा उभा चिरायचा. आतून तासून पातळ करायचा. पाण्यात भिजवून मऊ झाला की मधोमध दुमडायचा. दोन्ही टोकं एका इवल्याशा धातूच्या नळीवर धरून दोऱ्यानं आवळून बांधायची. दुमड कापली की दोन ओठ तयार. ओठ तयार झाले म्हणजे रीड झाली असं खारूताईला वाटलं आणि तिनं टाळी वाजवली.

"टाळी नंतर," मामा म्हणाला. "अजून ती नुसती लाकडाची चिमटी आहे. आता खरवडायचं. टोक कांद्याच्या पापुद्र्यासारखं. मधे पोट जरा जाड. कडा शाबूत. एका बाजूनं जास्त गेलं की त्या पट्ट्या एकमेकींशी अबोला धरतात."

"आणि कमी गेलं तर?"

"तर त्या तुझ्याशी अबोला धरतात."

दोरा आवळताना एक टोक दातात धरावं लागतं असा मामाचा अनुभव होता. खारूताईनंही धरलं. जिन्यातून आईचा आवाज आला. तिला भिंतीपलीकडचं कसं दिसे ते एक कोडंच होतं. "दोरा दातात धरलेला मला समजतो बरं का. घरच्यांचे दात मी भरून देईन, पण रांगेत शेवटी."

खारूताईच्या पहिल्या रीडमधून आवाजच आला नाही. दुसरीतून फक्त तिची थुंकी आली. तिसरी दिव्यासमोर धरल्यावर इतकी सुंदर दिसली की तिनं आणखी सुंदर करायला चाकू लावला आणि टोकच उडालं. चौथी वाजली. पण कशी, तर कुणीतरी बदकाच्या शेपटीवर पाय दिल्यासारखी. समोरचा किराणावाला दुकानाच्या पायरीवर येऊन मान वर करून म्हणाला, "डॉक्टरीणबाईंनी बदक पाळलंय का? अंडी देत असेल तर सांगा, आपण विकू."

त्या रीडचं नाव बदक पडलं.

आणि मग एका दुपारी, खिडकीत ऊन आलेलं असताना, खारूताईनं एक नवी रीड दोनच वेळा खरवडली, ओठांत धरली, आणि खोलीभर मधासारखा सूर पसरला. मामाचा चहाचा कप ओठापाशीच थांबला.

"ही कुणी केली?"

"मी."

"शक्य नाही. मीच झोपेत उठून केली असणार."

"मामा."

"पुन्हा वाजव." तिनं वाजवलं. मामानं डोळे मिटून ऐकलं. "झोपेतही मी इतकी चांगली करत नाही. तूच केलीस." मग त्यानं कप खाली ठेवला. "आता नीट ऐक. ही आज गोड बोलतेय, पण आज ती पाहुणी आहे. तिचा स्वभाव अजून कुणाला माहीत नाही. रोज थोडा वेळ भिजव, वाजव, वाळू दे. जरा फुगेल, जरा वाकेल, रुसेल. त्या त्या दिवशी जरासं खरवडायचं. असं करत करत ती ठरते. ठरली की मग कार्यक्रम."

"हो," खारूताई म्हणाली. "आणि हिचं नाव महाराणी."

पण तिचं मन केव्हाच पुढं निघून गेलं होतं. हिचं नाव महाराणी. हिला रोज वाजवायचं? तोंडात घालायचं, थुंकी लावायची, आणि कार्यक्रमाआधीच झिजवायची? छे. तिनं आईच्या दवाखान्यातून कापूस आणला, एका छोट्या डबीत गादी केली आणि महाराणीला तिच्यावर निजवलं. मामा एक सांगत होता हे खरं, पण मामाची स्वतःची सगळ्यात चांगली रीड कपाटावर पत्र्याच्या डबीतच होती ना? मोठी माणसं काय बोलतात यापेक्षा काय करतात ते बघावं, असं खारूताईनं ठरवलं. एरवी हा विचार वाईट नाही.

सरावाला राहिलं बदक. सकाळी बदक, शाळेतून आल्यावर बदक, तालमीला बदक. ते फारच कर्कश झालं की ती "गप गं जरा" म्हणून चाकूनं एक कोपरा हलकेच खरवडी. दुसऱ्या दिवशी ते भलतीकडेच रुसे, मग तिथं थोडं. हे काही ती मन लावून करत नव्हती. भांडं लखलखीत व्हावं म्हणून नाही, हाताला चिकटतं म्हणून घासावं, तसं. पहिल्या तालमीत बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. पुढच्या तालमीत पेन्सिल काढून काहीतरी टिपलं. त्यानंतर त्या नुसत्याच "हं" म्हणू लागल्या. खारूताईला त्या 'हं'चं काहीच वाटलं नाही. महाराणी येऊ दे, मग बघा, असं मनात म्हणून ती बदकाला दप्तराच्या बाहेरच्या खणात कोंबी.

मामा जिन्यात भेटला की विचारी, "महाराणी कशी आहे?"

"मजेत," खारूताई म्हणे. हे खोटं नव्हतं. कापसावर लोळणारं कुणीही मजेतच असतं.

एकदा तो म्हणाला, "काल संध्याकाळी महाराणी फार छान बोलत होती हं. मी वर ताट बाजूला ठेवून ऐकत बसलो."

काल संध्याकाळी तिनं बदकच वाजवलं होतं. मामाचा चेष्टा करायचा स्वभाव तिला ठाऊक होता, म्हणून ती फणकाऱ्यानं म्हणाली, "पुरे रे मामा."

"अगं, खरंच."

"कळलं."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी घरात एकच गडबड. बोटं मोकळी करायला म्हणून खारूताईनं शेवटचं एकदा बदक वाजवायचं ठरवलं. भिजवायचा पेला सापडेना. साधे कप सगळे मोरीत. काचेचं कपाट मात्र समोरच होतं. पाच मिनिटांचा तर प्रश्न, असं म्हणून तिनं निळ्या काठाचा एक कप हळूच काढला, पाणी घातलं, बदक त्यात सोडलं. धून एकदा नीट वाजवून झाल्यावर तिनं बदक परत कपात टाकलं, आणि तेवढ्यात बाहेरून फ्लूटवाल्यानं हाक मारली. ती ओबोची पेटी आणि महाराणीची डबी घेऊन धावली. कप खिडकीत, बदक कपात.

सभागृहामागच्या लांबट खोलीत वाद्यांच्या पेट्या उघड्या पडल्या होत्या आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा आवाज ऐकू येऊ नये इतक्या मोठ्यानं वाजवत होता. खारूताईनं कोपऱ्यात जाऊन डबी उघडली. महाराणी कापसावर होती तशीच, डाग नाही, ओरखडा नाही. तिनं ती छोट्या बाटलीत भिजवली, ओबोला लावली, खोल श्वास घेतला.

काहीच नाही. आणखी जोर लावला. चेहरा लाल झाला, कानशिलं ठणकली, आणि मग आतून जाडाभरडा असा एक हंबरडा बाहेर आला.

"जहाज सुटतंय का?" फ्लूटवाल्यानं वळून विचारलं. मग तिचा चेहरा पाहून तो जवळ आला. "काय झालं?"

"काही नाही."

महाराणीचं तोंड आ वासून उघडं राहिलं होतं. पट्ट्या एकमेकींपासून फाकल्या होत्या. खारूताईनं दोन बोटांनी त्या हलकेच दाबल्या, तर त्या मिटल्या त्या मिटल्याच. त्या दुपारचा मध कुठं गेला कुणास ठाऊक. दारातून बाई म्हणाल्या, "ओबो, थोड्या वेळात तुझा सूर हवा." त्यांची नजर तिच्या लाल चेहऱ्यावरून फ्लूटवाल्याकडे गेली आणि तिथं जरा जास्तच वेळ थांबली.

खारूताई बोळात पळाली. मामा भिंतीला टेकून उभा होता, घडीचा कोट घालून, एक हात खिशात.

"मामा, महाराणी बोलत नाही."

मामानं रीड उजेडासमोर धरली. उलटी केली, सुलटी केली. "ही किती वाजवलीस?"

खारूताई बुटांकडे बघू लागली.

"खारूताई?"

"एकदा. त्या दुपारी."

मामा काही रागावला नाही. त्याला रागावता येत नसे हे त्याच्या बहिणीचं जुनं दुखणं होतं. त्यानं नुसता चष्मा पुसला. मग त्यानं खिशातला हात बाहेर काढला. हातात खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी होती.

"तू म्हणाला होतास दुसऱ्याचा चष्मा..."

"म्हणालो होतो. आणि तरी घेऊन आलो. मामा आहे मी, काय करू?" त्यानं झाकण उघडलं. आत रेशमी चिंधीत ती रीड होती, रंगानं जुन्या कागदासारखी. "खास दिवस म्हणून ठेवली होती. मग म्हटलं, आणखी कोणता खास दिवस यायचाय."

मामानं रीड तिच्या बाटलीत भिजवली, बाहेर काढली, टोक उघडावं म्हणून दोन बोटांत अलगद दाबलं.

टक.

आवाज अगदी बारीक होता. टोकापासून पोटापर्यंत एक सरळ चीर गेली.

मामानं ती तळहातावर घेतली.

"किती वर्षांची होती?" खारूताईनं हळूच विचारलं.

"तुझ्याहून मोठी."

"तू तरी कधी वाजवली होतीस?"

मामा आपल्या बुटांकडे बघू लागला.

नेमक्या त्याच वेळी बोळाच्या टोकाशी टाचांचा आवाज झाला. आई येत होती. दवाखाना बंद करून थेट आलेली, आणि तिच्या चालण्यावरून दिसतच होतं की ती कुणाचं तरी अभिनंदन करायला येत नाही.

"तुम्ही दोघं इथंच आहात ते बरं झालं," ती म्हणाली. "कार्यक्रमानंतर बोलणार होते, पण माझ्याच्यानं राहवत नाही. माझा निळ्या काठाचा कप खिडकीत कुणी ठेवला?"

"आई, आत्ता नको ना."

"आणि त्यात पोहत काय होतं?" आईनं कोटाच्या खिशातून गॉजची एक ओली पुरचुंडी काढली आणि उलगडली. "हे."

गॉजवर बदक होतं.

"टाकूनच देणार होते," आई म्हणाली. "पण हाताची सवय. कुणी पडलेला दात आणला तरी तो ओलाच ठेवावा लागतो. गुंडाळलं आणि खिशात टाकलं. आता सांग, माझा कप..."

मामानं बदक उचललं होतं. "ही अशी ओली किती वेळ आहे?"

"मी निघाले तेव्हापासून. का?"

मामानं रीड खारूताईच्या ओबोला लावली. "वाजव."

"अरे, हे बदक आहे."

"वाजव गं."

तिनं वाजवलं, अगदी हळू, बोळातल्या बोळात. सूर निघाला. मधाचा नव्हता तो. किंचित लाकडी, किंचित उबदार, सकाळी झोपेतून उठलेल्या ओळखीच्या माणसानं हाक मारावी तसा. त्याला जोर लावावा लागला नाही. तिनं जरा श्वास वाढवला तर तोही वाढला, कमी केला तर कमी झाला.

"अरे, ही तर महाराणी," मामा म्हणाला. "हिलाच तर रोज ऐकतो मी वरून."

"नाही. हे बदक."

"मग रोज संध्याकाळी मी काय ऐकत होतो?"

"बदक."

"आणि ताट बाजूला ठेवून ऐकलं त्या दिवशी?"

"बदकच होतं, मामा. मला वाटलं तू चेष्टा करतोयस."

मामानं हातातल्या चिरलेल्या रीडकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या महाराणीकडे. "रोज भिजलं, रोज वाजलं, रोज खरवडलं गेलं," तो पुटपुटला. "जे मी तुला महाराणीचं करायला सांगितलं ते तू सगळं बदकाचं केलंस."

"मी तर त्याला नुसती शिव्या देत होते."

"शिव्या देत का होईना, विचारपूस रोज होत होती."

आईनं कंबरेवर हात ठेवले. तिनं पत्र्याची डबी पाहिली, कापसाची डबी पाहिली आणि तिच्या लक्षात सगळं आलं. "म्हणजे मामानं एक डबीत वाळवली आणि भाचीनं एक. अगदी एका साच्यातून काढलेत."

"ताई," मामा अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काचेच्या कपाटाचा विषय मी आत्ता काढत नाही."

आईनं ओला गॉज घाईनं परत खिशात कोंबला. दारातून बाईंचा आवाज आला. "ओबो."

रंगमंचावर सगळे बसले होते. दिवे तोंडावर येत होते, त्यामुळे पुढचा अंधार नुसताच खोकत होता. बाईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली. खारूताईनं सूर दिला. तो सरळ निघाला आणि सरळ राहिला. त्याच्यावर आधी व्हायोलिनं आली, मग क्लॅरिनेटं, मग पितळी वाद्यं, जशी घरातली माणसं एकेक करून जेवायला येऊन बसतात. फ्लूटवाला शेवटी आला. बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली नाही. फक्त म्हणाल्या, "हं." या वेळी खारूताईला तो 'हं' ऐकू आला.

मधल्या धुनेपाशी पोचल्यावर तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. फ्लूटवाल्यानं फ्लूट मांडीवर आडवी ठेवली होती. ती धून वाजवू लागली. सगळं ठीक चाललं होतं, पण सगळ्यात उंच सुरावर बदकाला आपलं बालपण आठवलं आणि ते एकदा, एकदाच, क्वॅक म्हणालं. पुढच्या रांगेतलं एक लहान पोर हसलं. खारूताईचा श्वास अडखळला. पण या रीडबरोबर ती इतके दिवस राहिली होती की ती कुठं रुसते आणि कशानं मानते हे तिच्या ओठांना ठाऊक होतं. तिनं ओठ जरासे सैल केले. बदक शांत झालं, आणि धून पुढं, शेवटापर्यंत, नीट गेली.

उतरताना फ्लूटवाला म्हणाला, "एक अंडं दिलं म्हणायचं."

"तुझ्यापेक्षा एक जास्त," खारूताई म्हणाली.

घरी आल्यावर आईनं कुणाला काही न विचारता काचेचं कपाट उघडलं आणि निळ्या काठाचे कप टेबलावर मांडले. "एक तर बदकानं उष्टावलाच आहे," ती म्हणाली. "मग बाकीच्यांनी तरी कशाला मिरवायचं." मामानं पहिला घोट घेतला, कप उजेडासमोर धरून आरपार पाहिला आणि म्हणाला, "टोकाला छान पातळ आहे." आईनं त्याला चमच्यानं मारलं.

रीड टेबलाच्या मधोमध, साध्या बशीत वाळत पडली होती. महाराणी तिच्या शेजारी होती. उद्यापासून तिलाही रोज थोडं बोलायला लावू, अजून उशीर झालेला नाही, असं मामाचं म्हणणं होतं. त्याची स्वतःची रीड मात्र त्यानं खिडकीतून अंगणातल्या गवतात टाकून दिली होती. माहेरी पाठवली, म्हणाला.

"आता या बदकाचं नाव तरी बदल," तो खारूताईला म्हणाला. "आज त्यानं काय काम केलंय. चांगलंसं नाव दे."

खारूताईनं चहात बुडवलेलं क्रीमचं बिस्किट तोंडात टाकलं, सगळ्यात आधी, आणि मान हलवली.

"नको. चांगलं नाव ठेवलं की मला ते डबीत ठेवावंसं वाटेल."